एक ऐरण, दोन घण

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरच्या प्रेसनं आ-श्वेइचा उजवा हात कोपरापासून खाली चेचला.

एरवी त्या प्रेसचा घण लोखंडावर पडला की खणखणीत आवाज यायचा. पत्र्याच्या भिंती थरथरायच्या, चहाच्या पेल्यात वलयं उठायची. षेनगांग गावातल्या त्या कारखान्यात हा आवाज सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो बंद झाला तरच माना वर व्हायच्या. त्या सकाळी तो बंद झाला नाही, एकदाच बसका आला. वरच्या काचेच्या खोलीत यू वान-चेन काम करत होती. कारखान्यातल्या यंत्रांना हालचाल शिकवणारे प्रोग्राम तीच लिहायची. तो बसका ठोका तिच्या तळपायांतून वर चढला आणि पाठोपाठ किंकाळी आली.

ती खाली पोचली तोवर लाय मिस्त्रींनी लाल बटण दाबलं होतं. पण सहाशे टनांच्या प्रेसचा घण वर उचलायला चाळीस सेकंद लागतात. ते चाळीस सेकंद आ-श्वेइ साच्याला जखडून उभा होता. पहिले दहा-बारा सेकंद ओरडला, नंतर नुसता उघड्या तोंडानं लाय मिस्त्रींकडे बघत राहिला. मिस्त्रींनी आपला कमरेचा पट्टा काढून त्याच्या दंडाला करकचून आवळला. घण उठला. साच्यावर जे उरलं होतं त्याला हात म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि साचा तापलेला होता. वास सगळीकडे पसरला. एका कामगारानं तोंडातली सुपारी तिथंच ओकली.

इलेक्ट्रिशियनच्या खोलीतून आ-हू धावत आला. आ-श्वेइचा धाकटा भाऊ. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. भावाला पाठुंगळी टाकलं आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता फाटकाकडे पळत सुटला. त्याच्या मागे फरशीवर थेंबांची रांग पडत गेली.

काम खरं तर सरळ होतं. भट्टीतून लालबुंद ठोकळा निघायचा, लोखंडी यंत्रहात तो चिमट्यात धरून साच्यावर ठेवायचा, मागे सरून परत भट्टीकडे वळायचा, मग घण पडायचा आणि ठोकळ्याचं पान्याचं डोकं व्हायचं. माणसाला एवढंच उरलं होतं, की दर चाळीस ठोक्यांनी फरशीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभं राहायचं आणि लांब नळीनं साच्यावरची जळकी खपली फुंकून काढायची. आ-श्वेइ नळी घेऊन वाकला होता, तेवढ्यात वळणारा यंत्रहात त्याच्या पाठीत बसला. तो तोंडावर साच्याकडे फेकला गेला आणि आधाराला त्यानं हात पुढे केला. यंत्राचा हात बाहेर होता, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी साचा मोकळा होता. घण वेळेवर पडला.

प्रश्न एकच होता. पिवळा पट्टा कुणी ओलांडला, आ-श्वेइनं की यंत्रहातानं?

मालक च्यू यांच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. दीड वाजता ते काचेच्या खोलीत येऊन खुर्ची न घेता उभे राहिले. "तीन वाजता कामगार खात्याचा माणूस येतोय. त्याला लेखी काय द्यायचं ते ठरव. कामगार पट्ट्याच्या आत गेला. बास."

"आधी नोंदी बघू द्या, मालक."

"बघ ना. यंत्र तुझं आहे. त्यात काही निघालं तर तुझंच निघेल."

वान-चेननं नोंदी उघडल्या. यंत्रहाताला दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, एक हुकूम जातो: इथं ये, आता इथं, आता हळू. दोन हुकमांमधलं अंतर कॉम्प्युटर स्वतःच लिहून ठेवतो. तिनं त्या सकाळची सरासरी काढली. बरोबर एक. कालची, परवाची, सगळी एक. ठोकळा नीट धरलाय का ते बघणाऱ्या कॅमेऱ्याचं काम तर गेले दोन आठवडे पूर्वीपेक्षा जलद चाललं होतं. प्रेसचं कामही ताशी तीनशे साठवरून तीनशे नव्वदवर गेलं होतं. ते तिला ठाऊक होतं. का गेलं, हे तिनं विचारलं नव्हतं. चांगल्या बातमीला कोण कारण विचारतं?

"यंत्रहात पट्टा ओलांडू शकत नाही," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं.

"पुन्हा म्हण."

तो मालकांचा आवाज नव्हता. दारात आ-हू उभा होता. भावाचं रक्त त्याच्या पाठीवर वाळून शर्ट पापडासारखा झाला होता. हातात दोन फुटी पाना.

"आ-हू, आधी बस," च्यू म्हणाले. "आ-श्वेइ कसा आहे?"

"कोपराखालून कापला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला सांगू? 'मी पट्ट्याबाहेर होतो रे.' हात गेला ते विचारलंच नाही त्यानं. आणि तुम्ही इथं बसून तो आत गेला म्हणून लिहिताय?"

"माणूस धक्क्यात काहीही..."

आ-हूनं टेबलावरचं हेल्मेट उचलून मालकांच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज वान-चेनला स्पष्ट ऐकू आला. च्यू भिंतीला घसटत खाली बसले आणि दोन्ही तळव्यांत रक्त झेलत राहिले. आ-हू वान-चेनकडे वळला. तिनं खुर्ची मध्ये घेतली, ती त्यानं लाथेनं उडवली. मग तिचे केस मुठीत धरले.

"चल इंजिनीअरबाई. ओलांडू शकत नाही ना? मग तिथं उभं राहायला कसली भीती?"

त्यानं तिला लोखंडी जिन्यावरून तसंच खाली ओढलं. मधल्या वळणावर ती पडली आणि कठड्यावर ओठ फुटला. दोन कामगार पुढे झाले. आ-हूनं पाना फिरवला. एकाच्या मनगटावर लागला, दुसरा जागीच थांबला. लाय मिस्त्री तीन नंबरच्या प्रेससमोर हात पसरून उभे राहिले.

"पोराला वेड लागलंय काय? सोड तिला! सरकारी माणूस येईपर्यंत इथं कशालाही हात लावायचा नाही."

"बाजूला व्हा, काका. तुमच्यावर हात उचलायला लावू नका."

"उचल की. पंधरा वर्षांपूर्वी वायर कशी सोलायची ते याच हातांनी शिकवलं तुला."

आ-हूनं खरोखरच उचलला. पाना नव्हे, कोपर. म्हाताऱ्याच्या छातीत बसलं. मिस्त्री मागे कोलमडले आणि प्रेसच्या खांबाला टेकून धापा टाकू लागले. "घणाला कुलूप घातलंय मी," ते कसेबसे म्हणाले. "किल्ली माझ्या गळ्यात. ती हवी तर गळा काप."

"घण नको मला. यंत्रहातच पुरे आहे."

इलेक्ट्रिशियन म्हणून त्याच्याकडे सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या होत्या. त्यानं यंत्रहाताची कळ चालू केली आणि वान-चेनला पट्ट्याच्या कडेला, भावाच्या रक्तावर, नेऊन उभं केलं. स्वतः तिच्या मागे, एका मुठीत तिची मान आणि दुसऱ्या मुठीत पाना. यंत्रहात उठला. रिकाम्या चिमट्यानं त्यानं नसलेला ठोकळा उचलला, साच्यावर ठेवला आणि वळला. तिच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर येऊन थांबला. वाऱ्याचा झोत तिच्या फुटलेल्या ओठाला झोंबला. हात परत गेला.

"एक," आ-हू म्हणाला.

दुसरी फेरी. तिसरी. वान-चेन डोळे मिटू शकत नव्हती. आकडे मोजले की भीती ताब्यात राहते हे तिला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून ती मोजत राहिली. दहा. वीस. दर वेळी तेवढंच अंतर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. तिचा प्रोग्राम बरोबर होता. म्हणजे आ-श्वेइ खोटं बोलत होता? कापलेल्या हाताचा माणूस, भूल उतरता उतरता?

"सव्वीस," आ-हू कानाशी कुजबुजला. त्याचा आवाज चिरका होत चालला होता. प्रत्येक बिनचूक फेरीबरोबर त्याचा भाऊ खोटा ठरत होता, आणि ते त्याला सोसवत नव्हतं. "ये ना! ये की रे भडव्या, आता का नाही येत?"

त्यानं शेजारच्या खपलीच्या डब्याला लाथ घातली. डबा उलटला. काळी, चमचमती भुकटी प्रेससमोर उसळली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर ढगासारखी पसरली.

यंत्रहात वळत होता. जिथून त्याचा वेग उतरायचा ती जागा वान-चेनला पाठ होती. तिथं तो उतरला नाही. तिनं गुडघे मोडून स्वतःला खाली सोडलं. चिमटा तिच्या डोक्यावरून गेला, पट्टा ओलांडून वीतभर बाहेर आला आणि आ-हूच्या उगारलेल्या पान्यावर आदळला. पाना मुठीतून हिसकला गेला, भिरभिरत जाऊन समोरच्या पत्र्यात घुसला आणि तिथंच थरथरत राहिला. आ-हूची दोन बोटं उलटी वाकली. हात मागे गेला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा भट्टीकडे निघाला. लाय मिस्त्रींनी रांगत जाऊन कळ खाली ओढली.

"ओलांडला," वान-चेन म्हणाली. तोंडात रक्त होतं, शब्द नीट फुटत नव्हते. "मिस्त्रीकाका, बघितलंत ना? त्यानं ओलांडला. आ-श्वेइ बाहेरच होता."

आ-हू बोटं छातीशी धरून गुडघ्यांवर बसला आणि ओरडून रडला. पण त्याचा राग उतरला नव्हता, उलट आता त्याला हक्काची जागा मिळाली होती. तो उठला आणि डाव्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. "मग? शकत नाही म्हणत होतीस ना?"

"मार," ती म्हणाली. "पण आधी बघू दे. ढग विरायच्या आत."

प्रेसच्या पडद्यापाशी ती उभी राहिली. या वेळी तिनं सरासरी काढली नाही. सगळ्यांत मोठं अंतर मागितलं. त्रेसष्ट मिलिसेकंद. एकामागून एक त्रेसष्ट हुकूम उशिरा. नवा हुकूम आला नाही तर यंत्रहात जुन्याच वेगानं चालत राहतो, आणि सेकंदाला तीन मीटरच्या वेगानं त्रेसष्ट मिलिसेकंदांत वीतभर अंतर होतं. शंभर मिलिसेकंद हुकूम आलाच नाही तर हात आपोआप बंद पडतो. ती मर्यादा आधी पाचची होती. काम सारखं अडतं म्हणून मालक ओरडले, तेव्हा तिनंच ती शंभरवर नेली होती. हे तिला आत्ता आठवलं.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. तिथंही एकसष्ट. लाख हुकमांत साठ उशिरा आले तर सरासरीला ओरखडासुद्धा उठत नाही. ती मागे जात राहिली. सव्वीस तारखेला एकदा, एकवीसला दोनदा. नशीब, तेव्हा पट्ट्यापाशी कुणी नव्हतं. चौदा तारखेच्या आधी मात्र एकही नाही. तीन वर्षांत एकही नाही.

मग तिनं कॉम्प्युटरला त्याचे प्रोसेसर मोजायला सांगितलं. पडद्यावर आठ आले.

"चार हवेत," ती स्वतःशीच म्हणाली. "चारच आहेत."

"काय बडबडतेस?" आ-हू म्हणाला.

"या कॉम्प्युटरच्या आत काम करणारे चार गाभे आहेत. त्यातला एक मी फक्त यंत्रहातासाठी राखून ठेवला होता. एक सोय असते. ती चालू केली की प्रत्येक गाभा दोन असल्यासारखा वागतो, एकाच वेळी दोन कामं घेतो. एक काम कशाची तरी वाट बघत थांबलं, की त्या फटीत दुसरं उरकायचं. मी ती बंद ठेवली होती. आता ती चालू आहे. मी राखलेला अख्खा गाभा आता अर्धाच राखलेला आहे. उरलेल्या अर्ध्यावर कॅमेरा येऊन बसलाय."

लाय मिस्त्री छाती चोळत जवळ आले. "एक ऐरण, दोन घणकरी," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या भट्टीवर असायचे. एकाचा घण वर जातो तेव्हा दुसऱ्याचा पडतो. ऐरण रिकामी राहत नाही. काम दुप्पट नाही होत, पण सव्वापट होतं."

"अगदी तसंच, काका. म्हणून तर ताशी तीनशे नव्वद."

"आणि दोघांना एकदमच मारायचं असलं तर?"

"एकाला थांबावं लागतं. समोर धूर नसेल तेव्हा कॅमेऱ्याला फारसं काम नसतं, तेव्हा दोघांचं जमतं. समोर धूर, धूळ, सकाळी आ-श्वेइनं फुंकली तशी दाट खपली आली की तो जीव तोडून गणितं करतो, ऐरण सोडतच नाही. यंत्रहाताचा हुकूम मोजायला मिलिसेकंदाच्या आत जागा हवी. ती मिळत नाही."

"आमच्याकडे घणावर घण आपटला होता एकदा," मिस्त्री म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाचा जबडा गेला."

"पण चालू कुणी केलं?" आ-हू किंचाळला. "ते सांग! तूच असशील. नाहीतर मालकानं सांगितलं असेल, जादा माल काढायला. नाव सांग, मी त्याला त्याच साच्यावर ठेवतो!"

"मी नाही. चौदाला मी काओश्युंग शहरातल्या कारखान्यात होते." तिनं कॉम्प्युटरच्या पेटीचं दार उघडलं.

आत, पंख्याच्या वर, नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. तसं प्रत्येक पेटीत असतं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच हवं, मुदतीतलं हवं, आणि पेटी उघडणाऱ्यानं जुनं काढून नवं ठेवायचं, त्यावर तारीख घालायची, खूण करायची. या पेटीत वान-चेनच्या अक्षरातलं, मे महिन्याचं पाकीट असायला हवं होतं. तिथं नवं होतं. काळ्या शाईत, ठसठशीत: नववा महिना, चौदा तारीख. आणि खाली सहीऐवजी एक छोटं वाघाचं डोकं, दोन कान, तीन मिशा. आ-हू या नावातला हू म्हणजे वाघ. तो सगळीकडे तेच काढायचा, हजेरीच्या कार्डावरसुद्धा.

वान-चेननं पाकीट बाहेर काढलं नाही. नुसती बाजूला झाली.

आ-हूनं आत वाकून ते वाघाचं डोकं बघितलं.

"घड्याळ मागे पडत होतं," तो म्हणाला. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "रोज सकाळी. म्हणून आतला चपटा सेल बदलला. बस, तेवढंच. चालू करताना त्यानं काहीतरी विचारलं. जुनं सेटिंग गेलं, कंपनीतून आलं तसं घालू का? मी हो म्हटलं. सगळेच हो म्हणतात."

"ती सोय कंपनीतून चालूच येते," वान-चेन म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी माल वाढला. सगळे म्हणाले, आ-हूच्या पाकिटाचा गुण. मालकांनी ज्वारीच्या दारूची बाटली दिली मला. दादानं..." त्यानं पाकिटावरच्या वाघावर बोट ठेवलं. "दादानं आणि मी मिळून प्यायली."

मग त्यानं पेटीच्या दारावर ठोसा मारला. मोडलेल्या बोटांच्याच हातानं. पुन्हा मारला. पत्रा वाकला, सांध्यांवरची कातडी सोलली, पांढरं दिसू लागलं, तरी तो मारतच होता, प्रत्येक ठोशाला तोंडातून हुंकार. दोघा कामगारांना तो आवरेना. शेवटी लाय मिस्त्री समोर आले आणि त्यांनी त्याच्या दोन्ही गालांवर सणसणीत चपराका ओढल्या.

"बास! एका घरात एक हात गेला तेवढा पुरे."

आ-हू खाली बसला, भावाच्या रक्तातच.

वान-चेननं पेटीतला काळा खडू घेतला. दार वाकलं होतं, म्हणून आतल्या बाजूला लिहिलं: एका गाभ्यावर एकच काम. दोन कामांची सोय बंद. सेल काढला तर आधी मला फोन. खाली आपलं नाव आणि नंबर. हे तिनं तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तिच्या वहीत होतं. वही वर काचेच्या खोलीत होती.

कामगार खात्याचा माणूस तीनला पाच कमी असताना आला. त्यानं नाकाला फडकं दाबलेले मालक बघितले, बाईचा सुजलेला चेहरा बघितला, पत्र्यात रुतलेला पाना बघितला.

"इथं एकच अपघात झालाय ना?" त्यानं विचारलं.

"एकच," वान-चेन म्हणाली. "पट्टा यंत्रहातानं ओलांडला. कामगार बाहेर होता. नोंदी काढून ठेवल्या आहेत. आणि वेळेची मर्यादा मी ढिली केली होती, तेही लिहा."

च्यू फडक्यातून काहीतरी म्हणू पाहत होते. कुणी ऐकलं नाही.

"आणि पेटी? शेवटची कुणी उघडली?"

वान-चेननं नोंदींचे कागद नीट लावले. ते सांगणं तिचं काम नव्हतं. लाय मिस्त्रींनी खांबाकडे मान फिरवली.

आ-हू उठला. कागद मागून घेतला, उजव्या हातात पेन धरता येईना, म्हणून डाव्यात धरला. नववा महिना, चौदा तारीख, असं वेडंवाकडं लिहिलं. सोललेल्या सांध्यांतून एक थेंब कागदावर पडला, तो त्यानं बाहीनं पुसला. मग त्याखाली वाघ न काढता, एकेक अक्षर दाबून, आपलं पूर्ण नाव लिहिलं.